पाट बंद

माजिवड्याच्या पंढरीला ठाण्याच्या वकिलांनी 'पंढरीशेठ' म्हटले आणि तिथून सगळ्या अनर्थाला सुरुवात झाली. तोवर तो नुसता पंढरी होता. खाडीकाठी त्याची मिठागरे होती, हाताखाली माणसे राबत होती, मिठाच्या खात्याचा शिपाईदेखील त्याच्या ओट्यावर पाय पसरून बसायचा. पण त्याला शेठ म्हणावे असे आजवर कोणाच्या मनात आले नव्हते. त्या एका शब्दाने हा पन्नाशीचा गडी असा काही फुगला की घरात शिरताना त्याला स्वतःचेच दार अरुंद पडले.

त्या वर्षी सरकारने मिठावरचा कर वाढवला होता आणि ठाण्यातली शिकलेली मंडळी खवळली होती. टेंभी नाक्यावर हरिहरपंत वकिलांच्या दिवाणखान्यात त्यांची एक सभा भरे. लोकहित सभा तिचे नाव. लोक तिथे फारसे कधी दिसत नसत, हित मात्र दर पंधरवड्याला नेमाने होई. सभेत दोन तट होते. एकाचे म्हणणे, आधी सरकारशी भांडू, घरातले मग पाहू. दुसऱ्याचे म्हणणे, आधी घर झाडू, विधवांचे अश्रू पुसू, मग सरकारला जाब विचारू. हरिहरपंत दोन्ही तटांना धरून असत, त्यामुळे अध्यक्षाची खुर्ची कायम त्यांच्याकडे राहिली होती. या खेपेला त्यांनी तोड काढली. एकाच संध्याकाळी दोन व्याख्याने ठेवली, आधी विधवांवर, मग मिठावर. मिठाबद्दल सरकारला अर्ज करायचा तर मीठ पिकवणारा एखादा तरी माणूस सभेत दिसायला हवा, म्हणून पंढरीला बोलावणे गेले.

सभेहून तो परतला तेव्हा त्याची सून शेवंती ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. शेवंती विधवा होती. पंढरीचा एकुलता मुलगा महिपत पटकीने गेला, त्याला तिसरे वर्ष लागले होते. मूलबाळ नव्हते. आगऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे तिचा आता पाट लागायचा होता. पाट म्हणजे विधवेचे दुसरे लग्न. त्याला मांडव नाही, वाजंत्री नाही. चार माणसांदेखत नव्या बांगड्या भरायच्या आणि नव्या घरी जायचे. नवरा ठरला होता आनंदा, मीठ भरून कल्याणच्या बंदराला नेणाऱ्या मचव्याचा तांडेल. सासूने, आवडाबाईनेच, पुढाकार घेऊन जुळवले होते. शिमगा झाला की बांगड्या भरायच्या, इथवर पक्के झाले होते. आनंदाने कल्याणच्या बाजारातून सोनेरी ठिपक्यांच्या हिरव्या बांगड्या आणूनसुद्धा दिल्या होत्या. शेवंतीने त्या तांदळाच्या कणगीत लपवल्या होत्या आणि रोज तांदूळ काढताना ती त्या हाताने चाचपून पाहायची. आनंदा तिला आवडत होता, त्यात लाजण्यासारखे काही तिला वाटत नव्हते. खाडीतून त्याची हाळी आली की मीठ ओढताना तिचे हात थांबत. तीन वर्षे मेल्यासारखी जगल्यावर तिला पुन्हा भूक लागू लागली होती, झोप येऊ लागली होती.

"आवडे, पानी आन," पंढरी नवे पागोटे मांडीवर ठेवून बसला. "आज मी सभेत बोललू."

"कं बोल्लाव?" आवडाबाईने तांब्या पुढे केला.

"आधी वकील बोलले. तासभर. समदा नाय समजला, पन येक समजला. ही सुधारलेली लोका हायत ना, यांच्यान विधवा बाई दुसरा लगीन करीत नाय. येवरीशी पोर असली तरी नाय. मोठमोठ्या घरान आसाच चालतंय. वकील सांगत व्हते आन समदे मुंड्या हालवीत व्हते. येकादोघांच्या डोल्यान पानी आयला. मी बोललू, आसा हाय तर! म्हून ही लोका खुर्चीन आन आपून मिठान."

आता हरिहरपंतांनी तासभर घसा फोडून सांगितले होते ते नेमके उलट. ही चाल आमच्या जातीला कलंक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पण पंतांचे वाक्य टेंभी नाक्यावर सुरू होई आणि क्रियापद पार कोपरीला भेटे. तोवर पंढरीचा दम संपे. सुधारलेले लोक त्याला लहानपणापासून माहीत होते. पांढरे धोतर, नाकावर चष्मा, बोलताना 'आहे' म्हणणारे, ते सुधारलेले. त्यांच्यासारखे वागायचे, ती सुधारणा. कलंक वगैरे शब्द त्याच्या डोक्यावरून गेले आणि तेवढी चाल मात्र डोक्यात राहिली.

"मंग मिठाचा बोलना जाला. मना बोलले, पंढरीशेठ, दोन शब्द सांगा. मी उबा रायलू आन बोललू, आमीबी सुधारनार. आमच्याकडचं पाट आजपासून बंद! काय टाल्या वाजल्या, आवडे! वकिलान उठून माजा हात धरला. बामनान, माजा हात!"

शेवंतीने हातातला बोंबील खाली ठेवला.

"पाट बंद म्हंजी?" आवडाबाईने विचारले.

"म्हंजी बंद. पोरीचा पाट नाय लागाचा. आपल्या घरापासून सुरवात."

"आन माजा?" आवडाबाई म्हणाली. "मी कोन हाय तुमची?"

कारण आवडाबाई पाटाचीच होती. तिचा पहिला नवरा खाडीत बुडाला होता. पंढरी तेव्हा बिनलग्नाचा. बिनलग्नाच्या गड्याने विधवेशी पाट लावायचा तर आधी रुईच्या झाडाशी लग्न लावावे लागते. तसे पंढरीचे रुईशी लग्न लागले आणि मग आवडाबाईशी पाट. तिच्या पोटचाच महिपत. हे सगळ्या गावाला ठाऊक होते आणि आजवर कोणाला त्यात वावगे दिसले नव्हते.

"त्यो जुना जमाना व्हता," पंढरी म्हणाला आणि पाणी प्यायला.

दोन दिवसांत त्याने पंच जमवले. पंचांपैकी बहुतेकांची चूल पंढरीच्या मिठावर पेटत होती, त्यामुळे माना आपसूक हालल्या. यापुढे कोणी पाट लावला तर तो वाळीत, त्याच्या मचव्याला मीठ नाही, असे ठरले. एकटा म्हातारा धोंडीबा तोंडाळ होता. तो म्हणाला, "पंढरी, पाट खोटा, त तुजी खरी बायको रुईचा झार. मंग आवडाबाय झाराची सवत, का तुजी ठेवलेली?" पंच पोट धरून हसले. पंढरी हसला नाही. ते हसू त्याच्या मनात काट्यासारखे मोडून राहिले आणि पुढे पिकत गेले.

शेवंती डोक्यावर मिठाची टोपली घेऊन मचव्यापाशी गेली तेव्हा आनंदाने वर पाहिले नाही. दोर गुंडाळत म्हणाला, "त्या बांगड्या परत दे."

"कनाला?"

"कुनी बगितल्या त मना वालीत टाकतीन. पंढरीमामांच्या मिठावं माजा घर चालतंय, शेवंते. त्या मिठाला जागाया नको?"

"आपून कल्यानला जाव. तिथं कोन इचारतंय?"

"मचवा मामांचा हाय," तो म्हणाला. "वरीसभर थांबू. मामांचा राग निवल."

राग कोणाला आला होता? पंढरी तर आनंदात होता. शेवंतीने दुसऱ्या दिवशी बांगड्या फडक्यात बांधून आणल्या आणि त्याच्या हातात दिल्या. त्याने फडके सोडले आणि एखादी तडकली तर नाही ना, ते पाहिले. तेवढे त्याने केले नसते तर कदाचित ती त्याच्यासाठी वर्षभर रडली असती. आता तिला रडूही येईना. पण हार मानण्याइतकी ती म्हातारी झाली नव्हती. ज्याच्या टाळ्यांनी पाट बंद झाला त्याच्याच तोंडून तो उघडायला लावायचा, असे ठरवून एका सकाळी बाजाराचे निमित्त करून ती टेंभी नाक्याला गेली.

तिच्यासारखी माणसे मागल्या दाराने जातात, तशी ती गेली. विहिरीपाशी एक बाई पाणी ओढत होती. तांबडे आलवण, खाली केस काढलेले डोके, वय शेवंतीएवढेच. हरिहरपंतांची ती धाकटी बहीण गोदा. नवव्या वर्षी लग्न आणि अकराव्या वर्षी हे डोके, इतकाच तिचा संसार झाला होता.

"वकिलांना भेटाचा हाय," शेवंती म्हणाली. "मी माजिवड्याच्या पंढरीची सून. सभेत पाट बंद जालं ना, त्याच्यासाठी."

"मिठागरांचे पाट? खाडीचं पाणी येतं ते?"

"नाय गो बाय. माजा पाट. माजा लगीन."

गोदाने दोर तसाच धरून ठेवला. तिला एका क्षणात समजले. ती आत गेली आणि भावाला बाहेर घेऊन आली.

हरिहरपंत पडवीत आले ते हसतमुखाने. "ये बाई. तुझ्या सासऱ्यानं कमाल केली हो! कर वाढवता काय, मग आम्ही खाडीचे पाटच बंद करतो, मीठच पिकवत नाही! सरकारच्या तोंडावर हे म्हणायला छाती लागते. आम्ही ते वर्तमानपत्रात छापलं, अर्जातही घातलं."

मग शेवंतीने त्यांना पाट म्हणजे काय ते सांगितले. हा शब्द पंतांना नवा नव्हता. पाटाच्या बायकांचे वारशाचे खटले त्यांनी कोर्टात चालवले होते. पण त्या संध्याकाळी विधवांचा विषय आटोपून मिठाचा सुरू झाला होता, बोलणारा मिठागरवाला होता, आणि मिठागरवाल्याच्या घरातही विधवा असते हे त्या दिवाणखान्यात कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

पंतांचा चेहरा उतरला. "अरेरे! म्हणजे आम्ही इतकी वर्षं जे मागतो आहोत, ते तुमच्यात होतं, आणि आम्ही टाळ्या वाजवून... छे, छे!"

शेवंतीला आशा वाटली. माणूस खरोखर हळहळत होता. "तुमी मामांना सांगा," ती म्हणाली. "तुमचा शबुद ते मोरनार नाय. तुमी 'लाव' बोल्लाव त उद्या पाट लागंल."

"सांगायलाच हवं," पंत येरझारा घालू लागले. "सांगायलाच हवं." दोनदा पडवीच्या टोकापर्यंत जाऊन ते थांबले. "पण मग खाडीचे पाट बंद नाहीत, हेही बाहेर येणार. अर्ज मुंबईला गेलाय. सरकार म्हणेल, सभा खोटारडी आहे. सगळ्या कामावर पाणी फिरेल." त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, आधी मिठाचं होऊ दे. तुझं मग पाहू. योग्य वेळी मी स्वतः पंढरीशेठशी बोलेन. तोवर हे कुणापाशी काढू नकोस, हं."

आधी काय आणि मग काय, हा वाद त्या सभेला वर्षानुवर्षे सुटत नव्हता. तो पंतांनी मागल्या पडवीत, चष्मा पुसता पुसता, सोडवून टाकला.

ती निघाली तेव्हा गोदा दाराशी उभी होती. दबक्या आवाजात म्हणाली, "त्या दिवशी मी आत होते. विधवांवर व्याख्यान झालं, आणि मग थोड्या वेळानं टाळ्या वाजल्या. इतक्या टाळ्या आमच्या घरात कधी वाजल्या नव्हत्या. मला वाटलं, माझ्यासाठी वाजताहेत."

शेवंतीने तिच्या हाताला हात लावला आणि ती घरची वाट चालू लागली.

पंत माजिवड्याला आले, पण शेवंतीसाठी नव्हे. टांग्यातून उतरून ते ओट्यावर बसले आणि हळूच विषय काढला. निदान एक दिवस तरी खाडीचे पाट बंद ठेवता येतील का? म्हणजे छापलेले खोटे ठरणार नाही. शेवंती दाराआड उभी राहून ऐकत होती. पंढरीने बराच विचार केल्याचा आव आणला.

"ठेवतू," तो म्हणाला. "पन तुमी आन सभेची मंडली माज्या लग्नाला आयली पायजे."

"लग्न? कुणाचं?"

"माजा. आमच्यान आता पाट चालत नाय ना. मंग मना लग्नाची बायको कुठं हाय? डोंबिवलीकडची पोर बगितली. ठान्याचा भटजी लगीन लावनार, धवलारीन नाय बोलवाची."

आगऱ्यांची लग्ने गावातल्या बाया गाणी म्हणून लावत. त्या धवलारिणी. त्यांनाही सुधारणेने वाट दाखवली होती.

पंतांनी विचारले, "मुलीचं वय काय?"

"बारावा लागला."

पंत खोकले. प्रौढ नवऱ्याला बालिका देण्याच्या दुष्ट चालीवर त्यांनी मागच्याच पावसाळ्यात भाषण केले होते. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "मुहूर्त तेवढा दुपारचा ठेवा. संध्याकाळी मला कोर्टाचे कागद पाहायचे असतात."

तिथी वैशाखातल्या पुनवेच्या अलीकडची धरली. यातली गंमत पंतांना कळण्यासारखी नव्हती. मिठागरात भरतीचे पाणी पाटाने आत घेतात, उथळ कोंड्यांत अडवतात, उन्हाने ते आटले की तळाला मीठ धरते. वैशाखात कोंड्या पांढऱ्याफेक झालेल्या असतात. पुनवेची मोठी भरती तयार मिठावर चढू नये म्हणून पाटाच्या तोंडाची फळी तेव्हा एरवीही घट्ट बंद ठेवावी लागते. म्हणजे पंढरीने वकिलाला फुकटचा माल विकला आणि बदल्यात लग्नाला ठाण्याची पागोटी मिळवली.

त्या रात्रीच्या जेवणाला आवडाबाईने भात उपसला नाही. चुलीपाशी बसून म्हणाली, "इतकी वरसा याच्या मिठान माजं पाय फाटलं. आधी रुईची सवत व्हतू, आता त्या पोरीची. तुजा पाट मी जुलवला व्हता, शेवंते, आन माजाच मोरला." मग ती हसली.

लग्नाच्या दिवशी सगळे गाव मांडवात गेले. मिठागरातली माणसे गेली, मिठाच्या खात्याचा शिपाईसुद्धा जेवणाच्या वासाने गेला. शेवंतीला मात्र पंढरीने सकाळीच सांगितले, "तू मांडवान येव नको. सुधारलेल्या घरान विधवा लग्नात फिरत नाय. तू बांधावं जा. भरती हाय. फलीवर ध्यान ठेव." आजवर गावातल्या प्रत्येक लग्नात शेवंती नाचली होती, महिपत गेल्यावरही. तिने काही न बोलता पदर खोचला आणि ती बांधावर जाऊन बसली.

ऊन डोक्यावर येत होते. कोंड्यांतले मीठ पाहवत नव्हते इतके चमकत होते. त्यातले निम्मे तिच्या हातांनी ओढलेले होते. खाडी भरत आली तसा आनंदाचा मचवा नवरीला घेऊन आला. आनंदाने नवा सदरा घातला होता, शिडाला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. काठाला लागल्यावर त्याने नवरीला उचलून चिखलापलीकडे ठेवले. हळदीच्या लुगड्यात गुरफटलेली ती पोर धड उभीही राहत नव्हती, कारण तिचे सारे लक्ष हातांकडे होते. हातातल्या बांगड्या मोठ्या होत होत्या. हात खाली केला की त्या गळून पडतील, म्हणून तिने दोन्ही हात वर धरले होते. हिरव्या बांगड्या, सोनेरी ठिपक्यांच्या. आनंदा मिठाला चांगलाच जागला होता. मालकाच्या नवरीला त्याने आहेर केला होता.

शेवंती बांधावर उभी होती. आनंदाने तिला पाहिले आणि तो दोर गुंडाळू लागला.

थोड्या वेळाने रस्त्यावरून टांगा आला. हरिहरपंत आणि सभेचे दोघे जण. टांगा बांधाजवळ हळू झाला. पंतांनी बोट दाखवले. "पाहिलंत? सगळे पाट बंद. मी म्हणत नव्हतो? रयत जागी झाली आहे." टांगा पुढे गेला. फळीशेजारी उभी असलेली बाई कोण, हे ओळखण्याची पंतांना गरज पडली नाही.

मांडवातून मंगलाष्टकांचा आवाज येऊ लागला. फळीच्या पलीकडे पाणी काठोकाठ आले होते. शेवंती पाटात उतरली, फळीला खांदा दिला आणि ती वर ओढली. पहिल्याने ती हलली नाही. दुसऱ्या झटक्याला निघाली आणि खाडी आत घुसली. एक कोंडी भरली, दुसरी भरली, पाणी मधले छोटे बांध ओलांडून पसरत गेले. पांढरे होते ते आधी करडे झाले, मग नुसते पाणी राहिले. शेवंतीला बरे वाटले. महिपत गेल्यापासून इतके बरे तिला कधी वाटले नव्हते.

ती लपली नाही, पळाली नाही. गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली ती सरळ मांडवात गेली. अक्षता नुकत्याच पडल्या होत्या. पागोटी पुढच्या रांगेत बसली होती, मागे गाव, आणि मुंडावळ्या बांधलेला पंढरी त्या पोरीशेजारी उभा.

"मामा," शेवंती मोठ्याने म्हणाली, "तुमी पाट बंद केलं व्हतं. मी उघरलं. जाऊन बगा, समदा मीठ खारीन गेला."

पंढरीचा चेहरा काळानिळा पडला. त्याने हात उगारला आणि तो दोन पावले पुढे आला. आवडाबाई मध्ये येऊन उभी राहिली.

तेवढ्यात हरिहरपंत उठले. वकिलाची बुद्धी अशा वेळी विजेसारखी चालते. "धन्य!" ते गरजले. "मंडळी, ऐकलंत? अन्यायाचा कर भरण्यापेक्षा पंढरीशेठनी आज, स्वतःच्या मंगल कार्याच्या दिवशी, पिकलेलं मीठ समुद्राला अर्पण केलं! आणि ते कुणाच्या हातून? घरच्या सुनेच्या! याला म्हणतात त्याग!" आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पागोट्यांनी वाजवल्या. पागोटी वाजवतात म्हणून गावाने वाजवल्या. आनंदानेही वाजवल्या.

पंढरीचा उगारलेला हात तसाच राहिला. त्याने टाळ्यांकडे पाहिले, शेवंतीकडे पाहिले, आणि तो हात खाली आणून जोडला.

"मी तुमच्या करासाठी नाय उघरलं!" शेवंती ओरडली. "माज्यासाठी उघरलं! माज्या पाटासाठी!" पण टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेले नाही, आणि ज्यांना गेले त्यांनी दुसरीकडे पाहिले.

पुढच्या आठवड्यात ते सगळे वर्तमानपत्रात छापून आले. मिठाचा कर उतरला नाही. शेवंतीचा पाट लागला नाही. त्या वर्षी पंढरीकडे मीठच उरले नाही, त्यामुळे आनंदाचा मचवा पावसाळ्यापर्यंत चिखलात पडून होता. पंढरीने शेवंतीला एक शब्दही विचारला नाही. विचारायचे तर त्याग कोणी केला ते बोलावे लागले असते.

ज्येष्ठात सभेने त्याला शाल द्यायचे ठरवले. नव्या बायकोला ठाणे दाखवावे म्हणून त्याने तिला बरोबर घेतले आणि तिला सांभाळायला शेवंतीला. पुरुष दिवाणखान्यात गेले, बायका आत स्वयंपाकघरात गोदापाशी बसल्या. गोदाने पोरीच्या हातावर लाडू ठेवला. लाडू खाताना बांगड्या घसरू नयेत म्हणून पोरीने कोपर वर धरले होते. बाहेर हरिहरपंतांचा आवाज चढत गेला, लांब वाक्य एकदाचे संपले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

पोर दचकली. मग तिचे डोळे मोठे झाले. शेवंतीच्या पदराला हिसका देऊन तिने विचारले, "गो, ह्या टाल्या माज्यासाठी वाजतान?"

गोदाने तोंड फिरवले. शेवंतीने त्या हिरव्या बांगड्या पोरीच्या दंडापर्यंत वर सारल्या.

"नाय गो बाय," ती म्हणाली. "मिठासाठी वाजतान."